पानाखालची चीर

सिद्धेश्वरीकडे तुटलेला पोलादी भाग घेऊन येणारा माणूस दारातच तिची बोलणी खातो, कारण प्रत्येकाने एकच गाढवपणा केलेला असतो. दोन तुकडे हातात आले की माणूस ते एकमेकांना लावून बघतो, जुळतात का म्हणून. एकाच दांड्याचे तुकडे, न जुळायला काय झालं? पण त्या जुळवाजुळवीत तुटल्या जागेवरच्या बारीक खुणा घासून जातात आणि तिला वाचायच्या असतात त्या नेमक्या त्याच. "मोडलेलं हाड कुणी एकमेकावर घासून बघतं का?" असं ती विचारते. समोर कारखान्याचा मालक असो की हमाल, तिच्या आवाजात काही फरक पडत नाही.

मी गुरुशांत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं क्रँक ग्राइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे इंजिन उघडलं की त्याचे झिजलेले भाग माझ्याकडे येतात आणि मी ते घासूनपुसून पुन्हा मापात बसवतो. माझ्या भिंतीला लागून सिद्धेश्वरीची प्रयोगशाळा. नऊ वर्षांपूर्वी तिने ती अर्धी शेड भाड्याने घेतली तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं, की बाई, तुटलेलं लोखंड तपासून इथं कुणाचं पोट भरत नाही, इथले लोक तुटलं की भंगारात टाकतात आणि नवीन आणतात. ती म्हणाली, "काका, नवीन पण तिथंच तुटलं की येतील." आणि आले की लोक. आता लातूरपासून विजापूरपर्यंतची माणसं गोणपाटात गुंडाळून गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा घेऊन तिच्या दारात उभी असतात, आणि दुपारी चहाला मला बोलावण्याइतकाही तिला वेळ नसतो.

आमच्या दोन्ही बाजूंना टॉवेल-चादरींचे माग. ते सुरू असले की जमीन थरथरते आणि तिच्या सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र नाचायला लागतं. म्हणून तिने मागांचंच वेळापत्रक उचललं. सकाळभर तुकडे कापायचे, घासायचे, आरशासारखे चकचकीत करायचे, आणि साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की बघायचं. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कुणी बोलायचं नाही. सगळी एमआयडीसी जेवत असते तेव्हा ही भिंगाला डोळा लावून बसलेली असते आणि मग एकला, माग खडखडायला लागले की, स्वतःचा डबा उघडते.

तिचं घराणं नवी पेठेतलं. वडील चनबसप्पा तिथल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर फळीवर बसून गेली पंचेचाळीस वर्षं भांड्यांवर नावं घालतात. लग्नाची भांडी घ्यायची, पायरीवर मांडायची आणि चनबसप्पांना नाव सांगायचं. ते विजेचं पेन धरतात, ट्रर्र आवाज होतो आणि पाचव्या मिनिटाला ताटावर वधूच्या आईबापाचं नाव उमटलेलं असतं. नावापुढे ते आपल्या मनाने एक छोटं बेलाचं पान काढतात, तीन दळांचं. त्याचे पैसे नाहीत आणि ते काढा म्हणून कुणी सांगतही नाही. सोलापुरातल्या जुन्या घरांत फडताळ उघडलं की एखादा तरी तांब्या चनबसप्पांच्या पानाचा निघतोच. माझ्या घरी चार आहेत.

सिद्धेश्वरी शाळेत जायच्या आधी त्या फळीवर बसून भांड्यांवरच्या नावांतून अक्षरं शिकली. आठ-नऊ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "अप्पा, एका डब्यावर पेन सरळ चालतं आणि दुसऱ्यावर किंचाळतं, असं का?" चनबसप्पा चौथी शिकलेले. त्यांनी सांगितलं, लोखंडाला पण स्वभाव असतो. पोरीचं काही समाधान झालं नाही. तो स्वभाव कळून घ्यायला ती पुण्याला जाऊन धातुशास्त्र शिकली, एका ओतकाम कारखान्यात सहा वर्षं राबली आणि परत आली. लोक म्हणाले, पुणं सोडून सोलापुरात कशाला आली ही. ती म्हणाली, तुटणाऱ्या वस्तू इथं जास्त आहेत.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून होते. सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात दोन गाड्यांचे कनेक्टिंग रॉड अदलाबदल झाले. हा रॉड म्हणजे इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणारा हातभर पोलादी दांडा. सगळे दिसायला सारखे. चूक माझीच होती, मी निस्तरलीही, पण बोभाटा झाला. तेव्हापासून गाडीमालक रॉडवर नाव घालूनच माझ्याकडे पाठवायला लागले. आणि नाव घालायचं तर जायचं कुणाकडे? भांड्याचं पेन या कडक पोलादावर नुसतं घसरतं, म्हणून चनबसप्पांनी एका जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ठिणगीचं पेन जुळवलं. टोक टेकवलं की ठिणगी उडते आणि पोलाद काळं जळून अक्षर उमटतं. मला तर ते फार आवडलं होतं. माझ्या दुकानातली भानगड मिटली, म्हणून मी स्वतः चार गिऱ्हाइकं त्यांच्याकडे धाडली.

यंदा मार्च महिन्यात राजशेखर दोन तुकडे घेऊन आला. चार ट्रकांचा मालक, आईच्या नावाने काढलेली नागव्वा ट्रान्सपोर्ट. माणूस कष्टाळू, पण संशय इतका, की गाडीचं तेल बदलतानाही शेजारी स्टूल टाकून बसतो. त्याचा ट्रक चादरी भरून निघाला होता आणि नातेपुत्याच्या अलीकडे रॉड तुटून इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. चालवत होता शहाजी, त्याच भागातला, अकरा वर्षं राजशेखरकडेच असलेला ड्रायव्हर. त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. कुणाला खरचटलंही नाही.

"तेल संपलेलं असताना पळवली यानं," राजशेखर म्हणाला. शहाजी मागे दारात उभा होता, त्याच्यादेखतच. "मला कागद पाहिजे, मॅडम. एवढं लिहून द्या, मी याला आजच घरी पाठवतो. आणि बाकीच्या मालकांना पण दाखवतो."

असा कागद ट्रान्सपोर्टवाल्यांत फिरला, की पन्नाशीच्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी चावी देत नाही.

सिद्धेश्वरीने आधी विचारलं, "तुकडे जुळवून बघितले?"

"बघितले की."

"छान केलंत," ती म्हणाली आणि तिचं ते हाडाचं वाक्य त्याला ऐकवलं. मग शहाजीकडे वळली. "तेल कधी बघितलं होतं?"

"रोज सकाळी पट्टी वडून बगतो, मॅडम. त्या दिवशी बी बगितलं. तेल व्हतं." तो राजशेखरकडे न बघता बोलत होता. "अकरा वरसं झाली. एक दिस चुकलो न्हाय."

"चोर कधी मी चोर म्हणतो का?" राजशेखर म्हणाला.

"अण्णा, मी आधी लिहून मग तपासत नाही. दोन दिवसांनी या. इंजिनातले बाकीचे तीन रॉड आणि सगळी बेअरिंगं पण पाठवा."

बेअरिंगं आली तशी तिने मला हाक मारली. तेल नसताना गाडी पळवली तर बेअरिंग जळतं, निळंकाळं पडतं, क्रँकला चिकटून बसतं. ही बेअरिंगं स्वच्छ राखाडी होती. मी बघूनच सांगितलं, तेलाची तक्रार नाही. ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, पण कशानं तुटला नाही एवढंच कळलं. कशानं तुटला ते सांगितल्याशिवाय राजशेखरअण्णा त्या माणसाला सोडणार नाहीत." तिचा हा हट्ट मला ठाऊक होता.

तुटल्या जागेकडे तिने मला भिंगातून बघायला लावलं. जुळवाजुळवीत थोडं घासलं होतं, तरी दिसलं. फरशीवर सांडलेलं पाणी सुकत जाताना कडेकडेने रेषा सोडतं, तशा रेषा. रॉड एका दणक्यात तुटला नव्हता. एका ठिकाणी बारीक चीर पडली होती आणि ती महिनोन् महिने रोज थोडी थोडी पुढे सरकत गेली होती. शेवटी उरलेल्या पोलादाला ओझं पेलेना, तेव्हा तो तुटला. रेषा उलट्या वाचत गेलं की चीर कुठून निघाली ते सापडतं. सिद्धेश्वरी उलट वाचत गेली आणि रॉडच्या कडेवर येऊन थांबली.

मग तिने भिंग माझ्यापुढे सरकवलं आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

रॉडच्या मधल्या सपाट जागेत 'नागव्वा' असं ठळक नाव होतं. राजशेखरने आठ महिन्यांपूर्वी, इंजिन उघडलं तेव्हा, रॉड बदलले जाऊ नयेत म्हणून घालून घेतलेलं. नाव सपाट जागेत नीट बसलं होतं. नावापुढच्या पानाला मात्र जागा उरली नव्हती, म्हणून ते वर कडेवर चढलं होतं. तीन दळं. चीर मधल्या दळातून निघाली होती.

तो रॉड बुश, म्हणजे आतली पितळी कडी, बसवायला माझ्याच हाताखालून गेला होता. पान मी पाहिलं होतं, आणि चनबसप्पांचा हात अजून किती स्थिर आहे, असं मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

ती तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने न तुटलेला एक रॉड पानावरूनच आडवा कापला, घासला, आम्लाने पुसला आणि साडेबाराला माग थांबल्यावर भिंगाखाली धरला. बाकीचं पोलाद राखाडी दिसत होतं. दळाखाली मात्र केसाएवढा पांढरा थर होता. ठिणगीने तेवढं पोलाद वितळलं आणि भोवतीच्या थंड धातूने ते तत्क्षणी गार केलं. लालभडक सुरी पाण्यात बुडवली की ती कडक होते आणि वाकवायला गेलं की मोडते, तशी त्या थराची गत. त्या पांढऱ्या थरातून एक चीर खाली उतरत होती. हा रॉड अजून तुटला नव्हता, एवढाच फरक. अक्षरांखालीही पांढरा थर होता, पण मधल्या जागेवर ताण कमी, म्हणून तिथे चीर नव्हती.

मी तिला बाजूला घेऊन शहाणपणा शिकवला. म्हणालो, "वरच्या खुणेपासून चीर निघाली, एवढं लिही. शहाजी सुटला. खूण कुणाच्या हातची ते कोण विचारतंय?"

"मग अप्पा उद्या दुसऱ्या रॉडवर नाव घालतील," ती म्हणाली. "हा सपाट रस्त्यावर तुटला, काका. पुढचा घाटात तुटला तर?" तिने तुटलेला तुकडा रुमालात गुंडाळला. "चला, नवी पेठेत जायचंय."

मला जायचं नव्हतं. तरी गेलो.

चनबसप्पा एका पातेल्यावर नाव घालत होते. लेकीला भरदुपारी बघून त्यांनी पेन थांबवलं. तिने रुमाल उघडला. त्यांनी तुकडा उचलला, चष्मा वर केला आणि अंगठा पानावरून फिरवला.

"हौदु," ते कानडीत म्हणाले. "माझंच की हे."

"इथनंच तुटलाय, अप्पा."

ते हसले. मला वाटतं, त्यांना ती थट्टाच वाटली असावी. "सिद्धव्वा, पंचेचाळीस वर्षं झाली. माझं एक भांडं पण कुणी तुटलं म्हणून परत आणलं नाही."

"भांडं फडताळात बसतं. हा मिनिटाला दोन हजार वेळा ओढला जातो आणि दाबला जातो. त्याला एवढीशी खोच पुरते."

"गाडीत कोण होतं?"

"ड्रायव्हर. वाचला. पण मालक म्हणतोय, चूक त्याचीच. काढून टाकणार आहे त्याला."

चनबसप्पांनी पातेलं बाजूला ठेवलं आणि पेनाची वायर गुंडाळली. "मला दाखव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सव्वाबारालाच आम्ही सगळे तिच्या शेडमध्ये जमलो. राजशेखर खुर्चीवर, शहाजी उभा, मी दाराशी, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर धोतर सावरून बसलेले चनबसप्पा. ते कोण, हे राजशेखरला आठवत नव्हतं. माग थांबले. सिद्धेश्वरीने सगळं पडद्यावर दाखवलं, आधी बेअरिंगं, मग रेषा, मग पांढरा थर आणि त्यातली चीर. शिकवणीला बसल्यासारखं सावकाश सांगितलं, शब्द कुठे अडला नाही.

"म्हणजे तेल होतं," शेवटी राजशेखर म्हणाला.

"तेल होतं. शहाजीभाऊंनी काही चूक केलेली नाही. रॉड नावामुळे तुटला. नाव घालायला तुम्ही सांगितलंत, आणि घातलं माझ्या वडिलांनी. रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलंय."

राजशेखर वळून स्टुलाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उसळणार. पण त्याच्या आधीच चनबसप्पा उठले, पडद्याजवळ गेले आणि त्या पांढऱ्या थरावर बोट ठेवून उभे राहिले.

"नाव यांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "पान कुणी मागितलं नव्हतं."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि त्या बापलेकीचा अभिमानही वाटला. चनबसप्पा शहाजीसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. शहाजीने ते घाईने खाली केले. "आसं नगा करू, अप्पा. मी जितं हाय की."

राजशेखरबद्दल मी एरवी वाईटच बोलतो, पण त्या दिवशी तो माणसासारखा वागला. माफी बिफी त्याला मागता येत नाही. त्याने खिशातून दुसऱ्या ट्रकची चावी काढली, शहाजीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "माल तिथंच पडून राहिलाय. पोचवून ये." मग एवढंच विचारलं, की नवीन रॉडवर नाव कुठे घातलेलं चालेल. सिद्धेश्वरी म्हणाली, कुठेच नाही.

पण खरं काम पुढेच होतं. नावं घातलेले असे रॉड किती गाड्यांत फिरत होते, ते चनबसप्पा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी काही ते लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना आठवत मात्र होतं. ज्या नावांना त्यांनी हात लावला, ती त्यांना पाठ असतात. सलग तीन आठवडे ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसून गॅरेजागणिक फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य, "माझ्या हातचं नाव असलेला रॉड असेल तर काढा, नाहीतर तुटंल." काही जण हसले. एकाने म्हाताऱ्याला भ्रम झालाय असं माझ्या कानात सांगितलं, त्याला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हसणाऱ्यांपुढे सिद्धेश्वरीच्या रिपोर्टची झेरॉक्स ठेवली की हसू थांबायचं. त्यात वडिलांचं नाव स्वच्छ छापलेलं होतं आणि ते ती झेरॉक्स स्वतःच पुढे करायचे. आजपर्यंत एकसष्ट रॉड निघाले. त्यातल्या सात रॉडांच्या पानाखाली चीर होती. एक रॉड तर शाळेच्या गाडीतला होता.

ठिणगीचं पेन त्यांनी मोडून भंगारात टाकलं. अदलाबदलीवर उपाय सिद्धेश्वरीनेच काढला. आता माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक रॉडला तारेने पितळी बिल्ला बांधतात, त्यावर मालकाचं नाव, आणि इंजिनात बसवायच्या आधी मी तो सोडवून खिळ्याला अडकवतो. बिल्ले चनबसप्पाच करतात. तसेच ठळक, तसेच सुबक. पण नावापुढे पान नसतं. भांड्यांवरही त्यांनी पान काढायचं सोडलं. लग्नाच्या भांड्यांना आलेल्या बायका रुसल्या, दुकानदार म्हणाला, अहो भांड्याला काय होतंय. ते नुसते मान हलवत. सिद्धेश्वरीने त्यांना दोनदा समजावलं, की ताटाला आणि तांब्याला काही धोका नाही. ते म्हणाले, कळतंय गं, पण हात उठत नाही. लोखंडाचा स्वभाव शोधायला पुण्याला गेलेली ही पोर मग माझ्या दुकानात आली. मला म्हणाली, "काका, रिपोर्ट खरा होता. पण अप्पांचं पान माझ्यामुळे गेलं." तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी बिल्ले आणायला नवी पेठेत गेलो होतो. सिद्धेश्वरीही होती, वडिलांना जेवायला न्यायला आलेली. तेवढ्यात गर्दीतून शहाजी आला, हातात नवीन स्टीलचा तीन पुडी डबा.

"बायकोनं घेतलाय," तो म्हणाला. "नाव घाला, अप्पा."

चनबसप्पांनी डबा मांडीवर घेतला. ट्रर्र आवाज झाला. 'शहाजी' उमटलं. त्यांनी फुंकर मारून भुकटी उडवली आणि डबा पुढे केला.

शहाजीने तो घेतला नाही. वाकून बघितलं. "पान ऱ्हायलं की."

"आता नाही काढत."

"का म्हून? माजं डोस्कं त्या पानानंच खाल्लं तीन दिस. मला न्हाय तर कुणाला काढणार तुमी?" तो फळीवर त्यांच्या शेजारी टेकला. "मला रोज भाकरी खाताना दिसाय पायजे. काढा."

चनबसप्पांनी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "डबा आहे, अप्पा. काही होत नाही. मी सांगते ना."

त्यांनी पेन उचललं. पहिलं दळ जरा वाकडं गेलं. दुसरं नीट आलं. तिसऱ्या दळाच्या वेळी हात पूर्वीसारखा स्थिर होता. शहाजीने डबा उजेडात धरून बघितला, पिशवीत घातला आणि गाडी लावलीय म्हणून गडबडीने निघून गेला. पायरीवर एक बाई नवी घागर घेऊन थांबली होती. चनबसप्पांनी ती जवळ ओढली आणि विचारलं, "कुणाचं नाव?"